नऊ-एकने हरण्याचा हक्क

मेरी कोम मोठी की निखत झरीन, या प्रश्नाला माझं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. बॉक्सर म्हणून मेरी कोम मोठी. आजच्या घडीला तरी त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. आमच्या पेठ वडगावच्या मोहल्ल्यात असं बोललं की माणसं नाराज होतात. ‘आपल्यातला असून असं बोलतोस?’ असं विचारतात. त्या ‘आपल्यातला’ या शब्दाशीच माझं भांडण आहे.

दोन मोठ्या माणसांची जोड लावून वाद घालायची आमच्या भागाला जुनी सवय आहे. सेनापती धनाजी जाधवांची समाधी आमच्या गावात आहे, त्यामुळे संताजी थोर की धनाजी, हा विषय चहाच्या गाड्यावर कधीही निघू शकतो. कुस्तीवाले म्हातारे भेटले तर आंदळकर की मारुती माने, यावर दुसरा चहा होतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून या दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं, म्हणजे तो वाद काही सुटायचा नाही. असे वाद घालायला माझी हरकत नाही. उलट वाद घालणारा माणूस निदान खेळ बघतो, डाव ओळखतो.

मेरी आणि निखतच्या वादात मात्र डाव कुणीच बघत नाही. मे २०२२ मध्ये निखत इस्तंबूलला जगज्जेती झाली. त्या रात्री आमच्याकडच्या निम्म्या मोबाइलवर तिचा फोटो स्टेटसला होता. त्यातल्या किती जणांनी तिची एक तरी लढत पूर्ण पाहिली होती? तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, निखतने मेरीला मागं टाकलं, मेरीने तिला मुसलमान म्हणून दाबायचा प्रयत्न केला होता. दुसरा तट म्हणतो, मेरीपुढे ही कोण, नऊ-एकने हरलेली पोरगी, वर मंत्र्याला पत्र लिहिण्याचा उद्धटपणा. हे दोन्ही तट चुकीचे आहेत. आणि दोघांच्या भांडणात जी खरी गोष्ट आहे ती बाजूलाच पडली आहे.

हिशेब हिशेबासारखा

आधी कर्तबगारी. मेरीने जागतिक स्पर्धेत सहा सुवर्णपदकं जिंकली: २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि २०१८. शिवाय २००१ चं रौप्य आणि २०१९ चं कांस्य. पहिल्या आणि शेवटच्या पदकामध्ये अठरा वर्षांचं अंतर आहे. त्या अठरा वर्षांत तिला तीन मुलं झाली. २००७ साली जुळे, २०१३ साली तिसरा. प्रत्येक बाळंतपणानंतर ती पुन्हा रिंगणात उतरली आणि पुन्हा जगज्जेती झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण.

निखतची दोन जागतिक सुवर्णपदकं आहेत, २०२२ इस्तंबूल आणि २०२३ दिल्ली. दोन्ही अंतिम लढती तिने ५–० अशा एकतर्फी जिंकल्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, पुढच्या वर्षी हांगझो आशियाई स्पर्धेत कांस्य. ऑलिंपिक पदक नाही. २०२४ मध्ये पॅरिसला दुसऱ्याच लढतीत तिच्यासमोर चीनची वू यू आली आणि निखत ०–५ हरली. वू यूने पुढे तिथलं सुवर्णच जिंकलं.

आमचा एक मित्र म्हणतो, मेरीच्या काळात या खेळात उतरणारे देश कमी होते, आता स्पर्धा कडक आहे, म्हणून निखतची दोन पदकं मेरीच्या सहांना भारी. अर्धं खरं आहे. मेरीच्या सुरुवातीच्या काळात महिलांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये नव्हतं, त्यामुळे कित्येक देश त्याकडे वळलेच नव्हते. पण त्याच कारणामुळे मेरीला पैसा, प्रशिक्षक, प्रसिद्धी यांतलंही काही सहज मिळालं नव्हतं. मणिपूरच्या खेड्यात शेतमजुरी करणाऱ्या आईबापांची पोर. जो खेळ खेळून नोकरीही लागेल की नाही याची खात्री नाही, त्यात तिने तारुण्य घातलं. आणि ऑलिंपिकचं दार उघडलं ते २०१२ साली, फक्त तीन वजनगटांसाठी. सगळ्यात हलका गट ५१ किलोचा. मेरी ४५, ४६, ४८ किलोंत जगज्जेती झालेली. म्हणजे ऑलिंपिकसाठी तिला वजन वाढवून आपल्यापेक्षा उंच, थोराड मुलींशी लढावं लागलं. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. खालच्या गटाचा पैलवान वरच्या गटात उतरला की काय होतं, ते आपण जत्रेच्या फडात पाहिलेलं असतं.

आणि आमनेसामने? २०१९ साली दोघी दोनदा एकमेकींसमोर आल्या. मे महिन्यात गुवाहाटीला इंडिया ओपनच्या उपांत्य फेरीत मेरी ४–१ जिंकली. २८ डिसेंबरला दिल्लीत ऑलिंपिक पात्रतेच्या निवड चाचणीत मेरी ९–१ जिंकली. तेव्हा मेरी ३७ वर्षांची होती, निखत २३ वर्षांची. चौदा वर्षांनी लहान, ताज्या दमाच्या मुलीला मेरीने बिनतक्रार हरवलं. पंचांनी निखतला लुटलं वगैरे बोलणाऱ्यांनी ती लढत पुन्हा एकदा डोळे उघडून बघावी.

तेव्हा पहिल्या तटाला माझं सांगणं एवढंच की आपल्या माणसाला मोठं म्हणण्यासाठी आकड्यांशी बेइमानी करू नका. निखतला त्याची गरज नाही. तिची दोन जागतिक पदकं कुणाच्या कृपेवर उभी नाहीत. भारतात एकापेक्षा जास्त जागतिक सुवर्णं मिळवणारी मेरीनंतरची ती पहिली बाई आहे. एवढं पुरेसं आहे.

एका पत्राची गोष्ट

आता दुसरा तट. त्यांचा सगळा राग त्या पत्रावर आहे.

२०१९ साली जागतिक स्पर्धेसाठी ५१ किलो गटात निवड चाचणी व्हायची होती. ती झाली नाही. महासंघाने मेरीच्या ताज्या कामगिरीकडे बोट दाखवून तिलाच थेट पाठवलं. मेरीने तिथून कांस्य आणलं. त्यानंतर ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठीही चाचणीशिवाय मेरीलाच पाठवण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा ऑक्टोबरमध्ये निखतने क्रीडामंत्री किरेन रिजिजूंना जाहीर पत्र लिहिलं. तिचं म्हणणं साधं होतं. मला जागा देऊ नका, मला चाचणी द्या. मायकेल फेल्प्ससारख्या जलतरणपटूलाही दर ऑलिंपिकला नव्याने पात्र व्हावं लागतं, मग आपल्याकडे वेगळा नियम का? ऑलिंपिक सुवर्णविजेता नेमबाज अभिनव बिंद्राने तिची बाजू घेतली. मेरीने मात्र जाहीरपणे विचारलं, ही निखत झरीन कोण? शेवटी चाचणी झाली, निखत हरली, आणि लढत संपल्यावर मेरीने हातही मिळवला नाही.

हे पत्र उद्धटपणाचं असेल तर मग खाशाबा जाधवही उद्धट होते असं म्हणावं लागेल.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, आपल्याच मातीत तयार झालेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी संघ निवडायची वेळ आली तेव्हा मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन बंगालच्या निरंजन दासला पुढे काढलं, अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळाचे जाणकार होते. त्यांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी दासला चीतपट केलं. पुढे राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

खाशाबांनी महाराजांकडे काय मागितलं होतं? तिकीट नाही, पदक नाही. एक कुस्ती मागितली होती. निखतने मंत्र्याकडे तेच मागितलं. फरक इतकाच की खाशाबा चाचणी जिंकले आणि निखत हरली. जिंकला म्हणून खाशाबांची मागणी न्याय्य आणि हरली म्हणून निखतची मागणी उद्धट, असं म्हणणाऱ्याला न्याय म्हणजे काय हेच कळलेलं नाही. न्याय निकालात नसतो, कुस्ती लागण्यात असतो. कुस्ती लागल्यावर जो पडेल तो पडेल.

खुद्द मेरीचं आयुष्यही हेच सांगतं. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या चाचणीत पिंकी जांगडाने तिला हरवलं आणि ग्लासगोला पिंकी गेली. २०२२ च्या राष्ट्रकुल चाचणीत, वयाच्या चाळिशीला टेकलेली मेरी पुन्हा उतरली. नीतू घंघासविरुद्ध पहिल्याच फेरीत तिचा गुडघा दुखावला आणि तिला बाहेर पडावं लागलं. नीतू बर्मिंगहॅमला गेली आणि सुवर्ण घेऊन आली. मेरीच्या थोरवीला यातल्या कुठल्याच चाचणीने डाग लागला नाही. डाग लागला असेल तर तो चाचणी टाळण्याच्या त्या चार महिन्यांनी.

हात न मिळवल्याची गोष्ट

आता ज्या गोष्टीने आमच्या मोहल्ल्यातलं डोकं सगळ्यात जास्त तापतं तिच्याबद्दल. मेरीने हात मिळवला नाही, का? तर ‘मुसलमान म्हणून’. हा मजकूर व्हॉट्सॲपवर आजही फिरतो.

याला तसूभरही पुरावा नाही. जी गोष्ट दिसते ती साधी आणि माणसाच्या स्वभावाची आहे. वीस वर्षं अढळ बसलेल्या वस्तादाला काल आलेल्या पोरीने सगळ्यांसमोर आव्हान दिलं, वर तक्रार थेट मंत्र्याकडे नेली, याचा तो राग होता. मेरी स्वतःही तसंच म्हणाली: आधी तिने इतरांचा मान ठेवावा, मग मानाची अपेक्षा करावी. वागणं चुकीचंच होतं. आमच्याकडे आखाड्यात कुस्ती निकाली झाली की पडलेला पैलवान जिंकणाऱ्याला मिठी मारतो आणि जिंकणारा त्याच्या पाठीवरची माती झाडतो. ती रीत मेरीने पाळली नाही. तेवढा तिचा दोष. पण गर्वाला जातीयवाद म्हणणं हाही एक खोटेपणा आहे आणि तो आपल्याला महागात पडतो. खरोखर धर्मावरून भेदभाव होतो, नोकरीत होतो, भाड्याचं घर शोधताना होतो, तेव्हा आपण ओरडलो तर लोक म्हणतात, हे तर प्रत्येक गोष्टीत ओरडतात.

आणि मेरी कोण आहे? कोम नावाच्या लहानशा आदिवासी जमातीतली ख्रिस्ती बाई. दिल्लीच्या रस्त्यावर मणिपुरी चेहऱ्याला काय काय नावं ठेवतात ते जगजाहीर आहे. ३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं, तेव्हा ‘माझं राज्य जळतंय, मदत करा’ अशी विनवणी तिने जाहीरपणे केली. राज्यसभेत बसून आलेली, पद्मविभूषण मिळालेली ही बाई त्या दिवशी आपल्यासारखीच हात जोडून उभी होती. अल्पसंख्य असणं म्हणजे काय हे तिला आपण शिकवायची गरज नाही.

मेरीच्या खात्यात एक गोष्ट मात्र मी मांडणारच. जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. सरकारने चौकशीसाठी देखरेख समिती नेमली आणि तिची अध्यक्ष केली मेरी कोमला. एप्रिलमध्ये त्या मुली पुन्हा रस्त्यावर आल्या. समितीचा अहवाल जाहीर करा, ही त्यांची मागणी होती. अहवाल जाहीर झाला नाही. अध्यक्ष या नात्याने मेरीने त्या मुलींच्या बाजूने जेवढ्या जोरात बोलायला हवं होतं तेवढं ती बोलली नाही. रिंगणात कुणालाही न घाबरलेली बाई समितीच्या खुर्चीत गप्प बसली. तिच्या वारशाचा हिशेब लिहिताना ही ओळ खोडता येणार नाही. पण ही ओळ लिहायची ती त्या कुस्तीगीर मुलींसाठी. निखतला वर चढवण्यासाठी ती वापरणं हलकटपणा ठरेल.

‘अपनी’ निखत

आता आपल्या घरात येऊ.

‘अपनी बच्ची ने नाम रोशन किया’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला विचारायचं आहे, ती आपली कधीपासून झाली? इस्तंबूलच्या आधी की नंतर? निजामाबादला तिने हातमोजे घातले तेव्हा तिच्या घरी काय काय बोललं गेलं ते तिने आणि तिच्या वडिलांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. नातेवाईक म्हणाले, पोरीला अर्ध्या चड्डीत काय नाचवतोस. पहिल्यांदा तोंड सुजवून घरी आली तेव्हा अम्मी हादरली, हिच्याशी लग्न कोण करेल म्हणून. निखतने अम्मीला सांगितलं, नाव झालं की नवऱ्यामुलांची रांग लागेल. चार मुलींचे वडील मोहम्मद जमील अहमद मात्र तिच्या मागे उभे राहिले. तो बाप त्या वेळी बोलणाऱ्यांच्या बाजूने झुकला असता तर आज आपल्याकडे स्टेटसला लावायला फोटो नसता.

बोलणारे कोण होते? ‘आपले’च होते. निजामाबादला होते तसेच वडगावातही आहेत.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी सांगतो, नाव सांगणार नाही. शाळेच्या मैदानात दोनशे मीटरला तिच्या पुढे कुणी जात नसे, मुलंसुद्धा नाही. आठवीत तालुक्याला पहिली आली. नववीत घरी बसली. कुणी तिला मारलं नाही, कोंडलं नाही, फतवाही काढला नाही. मामूने फक्त जेवताना विचारलं, ‘और कितने दिन दौडना है?’ एवढं पुरलं. ती मुलगी चांगली होती की साधारण, जिल्ह्याला टिकली असती की पहिल्याच फेरीत मागं पडली असती, हे कुणालाच कधी कळणार नाही. निखतला निदान ९–१ हा आकडा मिळाला. या मुलीच्या नावापुढे कुठलाच आकडा नाही.

हीच मुलगी मेरी आणि निखतच्या सगळ्या वादात मला दिसत राहते. महासंघाने चार महिने जे निखतशी केलं ते आपण आपल्या पोरींशी पिढ्यानपिढ्या करतो. चाचणीच होऊ देत नाही. महासंघाकडे निदान कारण होतं, समोर सहा वेळची जगज्जेती होती. आपल्याकडे कारण काय?

कारणं सांगितली जातात, ती एकेक करून बघू.

पहिलं, कपडे. २०१९ साली तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने हिजाब आणि अंगभर पोशाखाला परवानगी दिली. जर्मनीची झैना नासर हिजाब घालून लढते. ट्रॅकसूट घालून पळता येतं, कबड्डी खेळता येते. ज्या मुलीला अंगभर कपडे घालायचे आहेत तिने घालावेत, जिला चड्डीत खेळायचं आहे तिने तसं खेळावं. इस्तंबूलहून परतल्यावर निखतलाही वाहिन्यांनी हिजाबाबद्दल विचारलंच होतं. ज्याची त्याची निवड, असं तिने सांगितलं. जागतिक सुवर्ण घेऊन आलेल्या मुलीला आधी धर्माचा प्रश्न विचारायचा, ही त्या वाहिन्यांची हौस. आणि तिला मिळालेल्या टाळ्यांमध्ये ‘बघा, चांगला मुसलमान असा असतो’ हा सूर मिसळणारेही कमी नाहीत. त्यांनीही ‘आपली’ आणि ‘त्यांची’ हा खेळ थांबवावा.

दुसरं कारण, तोंडावर मारणं इस्लाममध्ये मना आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, तोंडावर वार टाळा असं सांगणारी हदीस आहे. ज्याला ती मनापासून पाळायची आहे त्याचा मी मान ठेवतो. पण मग तोच नियम मुलांना लावा. मोहम्मद अलीचं पोस्टर घरात लावलेल्या किती जणांनी ही हदीस सांगून ते उतरवलं? अली तोंडावर मारूनच अली झाला ना? त्याची स्वतःची मुलगी लैला बॉक्सर झाली. बापाला आधी ते रुचलं नव्हतं, तरी ती उतरली. २००१ साली तिने बापाचा कट्टर प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर याच्या मुलीलाही हरवलं, आणि कारकिर्दीत ती एकही लढत हरली नाही. बापाच्या ठोशाला सुभानअल्ला आणि पोरीच्या ठोशाला तौबा, हा कुठला दीन?

आणि बॉक्सिंग नको असेल तर पळू द्या. हजरत आयशांनी रसूलुल्लाहांशी शर्यत लावली होती. एकदा आयशा जिंकल्या, पुढे एकदा रसूल जिंकले आणि म्हणाले, ही त्या दिवसाची परतफेड. जुम्म्याच्या बयानात ही हदीस मी फार कमी वेळा ऐकली आहे.

तिसरं कारण खरं आहे: भीती. मुलगी बाहेरगावी शिबिराला पाठवायची, प्रशिक्षक कोण, रात्री कुठे राहणार. जंतरमंतरनंतर ही भीती कुठल्याच आईबापाला कुणी खोटी म्हणू शकत नाही. हिंदू असो, मुसलमान असो. पण भीतीवर इलाज म्हणजे महिला प्रशिक्षक मागणं, शिबिराला आईने सोबत जाणं, तक्रार ऐकणारी समिती मागणं. दार लावून घेणं हा इलाज नाही. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण मुलांच्या मोटारसायकली विकल्या नाहीत.

मग वारसा कुणाचा मोठा?

मेरीचा वारसा दिसतो. ज्या खेळात बाई उतरत नव्हती तिथे तिच्यामुळे मुली उतरल्या. टोकियोत लवलीना बोरगोहेनने ऑलिंपिक कांस्य आणलं. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या चार मुली एकाच वेळी जगज्जेत्या झाल्या: नीतू, स्वीटी, निखत आणि लवलीना. या चौघींच्या मागे मेरीची सावली आहे आणि निखतलाही ते मान्य आहे, तिने मेरीला आदर्श म्हणणं कधी सोडलं नाही. आमच्या काही भावांना हे आवडत नाही, पण तिचा मोठेपणा तिथेच आहे.

निखतचा वारसा अजून घडतो आहे. पण माझ्या लेखी त्यातला सगळ्यात मोठा भाग तिची पदकं नाहीत, ते पत्र आहे. कितीही मोठं नाव समोर असलं तरी कुस्ती लागली पाहिजे, हे तिने नम्रपणे आणि न घाबरता सांगितलं, कुस्ती लावून घेतली, हरली, घरी गेली आणि अडीच वर्षांनी जगज्जेती होऊन आली. मेरीने दाखवलं की आपली मुलगी जगात पहिली येऊ शकते. निखतने दाखवलं की पहिली येण्याआधी हरताही आलं पाहिजे, आणि हरण्यासाठी आधी उतरू दिलं पाहिजे.

आमच्या मोहल्ल्याला या दोन्हींपैकी काय हवं आहे? आत्तापर्यंतचा अनुभव बघता फक्त फोटो हवा आहे.

कोल्हापूरची रीत अशी नव्हती. शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं ते मुसलमानांच्या पोरांचे फोटो काढायला नव्हे, शिकवायला. त्यांनीच बांधलेल्या खासबागेच्या मैदानात गामाचा भाऊ इमामबख्श लढला. पुढे गणपतराव आंदळकर आणि सादिक पंजाबी भिडले, त्या कुस्तीच्या आठवणी म्हातारे अजून सांगतात. ‘आपला’ कोण हे आंदळकरांच्या वेळी प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण टाळी डावाला पडत होती. ती सगळी कुस्ती पोरांची होती. आता पोरींची पाळी आहे, आणि याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली नेमबाजीत जगज्जेती होऊन, राही सरनोबतने २०१८ साली आशियाई सुवर्ण आणून रस्ता दाखवलेला आहे.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. आमच्या जमातीने दरवर्षी जलशावर, कमानींवर, लाउडस्पीकरवर जो खर्च होतो त्यातला एक हिस्सा बाजूला काढावा. गावातल्या मैदानावर सकाळचा एक तास मुलींसाठी ठरवून घ्यावा, सगळ्या समाजाच्या मुलींसाठी. एक महिला प्रशिक्षक मानधनावर ठेवावी. ट्रस्टींनी आधी स्वतःच्या पोरी आणि नाती तिथे पाठवाव्यात. त्यातल्या निम्म्या महिन्याभरात कंटाळून घरी बसतील, हरकत नाही. काही तालुक्याला हरतील, काही जिल्ह्याला. एखादी जिल्ह्याच्या पुढे जाईल किंवा जाणारही नाही. निखत दर मोहल्ल्यात जन्मत नाही आणि तिची वाट बघत बसायची गरजही नाही.

ज्या दिवशी आपल्या मोहल्ल्यातली एखादी पोरगी ९–१ हरून घरी येईल आणि तिचा मामू विचारेल, ‘अगली मॅच कब है?’, त्या दिवसापासून निखतला आपली म्हणा.